बिल येईपर्यंतची दहा मिनिटं

जेवण आटोपलेलं असतं, हात वाळत चाललेले असतात आणि वेटर वाटीत कोमट पाणी नि लिंबाची फोड आणून ठेवतो. ते सरबत समजून प्यायलेला एक तरी काका प्रत्येक घराण्यात असतो, तो किस्सा राहू दे. मला कुतूहल आहे ते त्या वाटीत खरं काम कोण करतं याचं. श्रेय सगळं लिंबाला मिळतं. पनीर बटर मसाला खाणाऱ्यांच्या टेबलावर तरी ते पाण्याच्या कोमटपणाला मिळायला हवं.

लोणी पूर्ण वितळायला साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतात. आपल्या बोटांची त्वचाही जवळपास तेवढीच उबदार असते, एसीखाली बसलात तर त्याहून गार. म्हणून तो ओशट थर धड पातळही होत नाही आणि धड गोठतही नाही, नुसता चिकटून बसतो. कोमट पाण्यात तो वितळून सुटतो. वाटीत तरंगणारे पिवळे ठिपके तेच. लिंबातलं सायट्रिक आम्ल तूप विरघळवत नाही. सालीतलं तेल थोडा हातभार लावतं, वास छान येतो, इतकंच.

टेबल मालवणी खानावळीतलं असेल तर मात्र मी शब्द मागे घेतो. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. खाऱ्या पाण्यात राहूनही शरीर कोरडं पडू नये यासाठी ते कामी येतं. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. संध्याकाळपर्यंत बोटांना येणाऱ्या बांगड्याच्या वासात त्याचा मोठा वाटा. हा पदार्थ अल्कधर्मी. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचतच नाही. तळलेल्या सुरमईच्या तुकडीशेजारची लिंबाची फोड चवीबरोबर हेही काम करते.

आता बेसिनकडे चला. रश्शाचा थेंब पांढऱ्या शर्टावर पडला की आपण घाईघाईने साबण लावतो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालसर तपकिरी होतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, मसाल्यात रंग होता. मसाला बिचारा निर्दोष होता. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं असतं आणि अल्कधर्मी द्रावणात लाल होतं. साबणाची वडी अल्कधर्मी असते. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे आपल्या घरांत रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे. डागावर लिंबू पिळलंत तर तो पुन्हा पिवळा होईल. जाणार मात्र नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला उतारा म्हणजे ऊन: शर्ट धुऊन उन्हात वाळवा, प्रकाशाने कर्क्युमिन मोडतं आणि डाग फिका पडत जातो.

टेबलावर परतेपर्यंत बडीशेप आलेली असते. तिच्यात ॲनेथोल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, ते साखरेपेक्षा कितीतरी पटींनी गोड. त्यामुळे साखरेचा लेप नसलेली साधी बडीशेपही चावता चावता गोड लागते. वर रंगीत साखरगोळ्या कशाला हव्यात, कोण जाणे.

मग बिल. आम्ही सहाजण होतो, वेटरने काहीही लिहून न घेता सगळं बरोबर आणलं होतं, ‘एक उत्तप्पा कांदा कमी’सकट. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने असेच वेटर पाहिले होते असं सांगतात: बिल चुकतं होईपर्यंत ऑर्डर पाठ, नंतर कोरी पाटी. त्यांची विद्यार्थिनी ब्लुमा झायगार्निक हिने १९२७ साली प्रयोग प्रसिद्ध केले. अर्ध्यावर थांबवलेली कामं तिच्या प्रयोगातल्या लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली. पुढच्या संशोधकांना मात्र हा परिणाम दर वेळी मिळाला नाही, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये.

आम्ही पैसे दिले, बाहेर पडलो, आणि छत्री राहिली म्हणून पाचच मिनिटांत मी परत आत गेलो. त्याच वेटरने हसून विचारलं, “या साहेब, किती जण?”