तंबूची गळती आणि तंबूतलं दव

थंडी पडली की भंडारदरा, पवना, राजमाची, हरिश्चंद्रगड, सगळीकडे तंबू लागतात आणि दरवर्षी तीच तक्रार कानावर येते: "तंबू नवाकोरा, तरी रात्रभर गळला." पाऊस होता का? नव्हता. आभाळ निरभ्र होतं. मग गळला कुठून? वरून पाणी पडलंच नाही तर तंबू गळत नाही. हे ध्यानात न घेता लोक चांगला तंबू दुकानात परत नेतात, नाहीतर त्याच्यावर ताडपत्री ओढतात आणि पुढची रात्र आणखी ओली काढतात.

गळती सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर फार शब्द घालवत नाही. पाणी बाहेरून आत येतं आणि ठरावीक जागेतून येतं: टेप सुटलेली शिवण, काट्याने पडलेलं भोक, घासून विरलेला कोपरा. ओघळ रोज त्याच जागी दिसतो. पाऊस थांबला की थोड्या वेळाने तोही थांबतो.

दव मात्र आतलं असतं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. तिघे झोपले तर पाऊण लिटर. त्यात ओले मोजे, घामट शर्ट, धरणाच्या काठची दमट हवा. निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच इथे आतून सुटतं. पहाटे छतभर सारखे, बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब दिसतात. शिवण असो वा नसो, सगळीकडे. त्यात कापडाचा काहीही दोष नाही.

आता खरी गफलत होते ती जागा. अवकाळी पाऊस आला, तंबूत चेहऱ्यावर बारीक तुषार उडाले, की माणूस शपथेवर सांगतो की पाणी कापडातून आरपार येतंय. अनुभवी ट्रेकरही इथे फसतात, कारण पाऊस आणि तुषार एकाच वेळी सुरू होतात. प्रत्यक्षात आतल्या बाजूला दव आधीच धरलेलं असतं. पावसाचा टपोरा थेंब बाहेरून आदळला की कापड थरथरतं आणि आतलं दव झडून खाली येतं. जोराच्या वाऱ्यातही हेच होतं, तेव्हा तर पाऊससुद्धा नसतो. शंका आली तर उठून आतलं कापड फडक्याने कोरडं पुसा आणि टॉर्च लावून बघत राहा. पुसल्याबरोबर तुषार थांबले आणि बऱ्याच वेळाने सगळीकडे पुन्हा सारखा ओलावा धरला, तर ते दव. एकाच जागी, बहुतेक शिवणीवर, मिनिटाभरात थेंब फुगून ओघळला, तर ती गळती. एवढं केल्याशिवाय कृपा करून तंबूला नावं ठेवू नका.

घरी पक्की खात्री करायची असेल तर कोरड्या दुपारी तंबू लावा, एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून शिवणीवर तांब्याने सावकाश पाणी सोडावं. दुपारी आत दव नसतं, म्हणजे जे दिसेल ते गळतीचंच पाणी.

हा फरक कळला नाही की उपाय उलटा होतो. गळती वाटली म्हणून माणूस तंबूची चेन पार वरपर्यंत ओढतो, हवेसाठी ठेवलेली वरची झडप बंद करतो, फटी कपड्यांनी बुजवतो. वाफ आत कोंडते आणि दव दुप्पट होतं. थंडीच्या रात्री झडप उघडी हवीच, आणि शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन बाजू थोड्या उघड्या ठेवाव्यात. थोडं गार वाटेल, पण ओल्या स्लीपिंग बॅगेत जास्त गारठायला होतं. तंबूत चहा उकळणं तर साफ बंद करा. एका पातेल्याची वाफ पुरते छत भिजवायला, आणि बंद तंबूत स्टोव्हमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

जागेचाही मोठा वाटा आहे. फोटोसाठी अगदी पाण्याच्या काठाला तंबू लावायची हौस मला मुळीच पटत नाही. तिथली हवा दमट, आणि रात्री डोंगरउतारावरची गार हवा खाली वाहून खोलगट जागेत साठते. त्याच गावात जरा वरच्या अंगाला, वारा लागेल अशा उंचवट्यावर, झाडोऱ्याच्या कडेला तंबू लावा. डोक्यावर पानांचं छत असलं की कापड तेवढं थंड होत नाही आणि सकाळी फरक हाताला कळतो. वाळक्या फांदीखाली तेवढं झोपू नका.

दुकानातला "३००० मिलिमीटर" हा आकडाही याच गोंधळात विकला जातो. त्याचा अर्थ एवढाच की कापडावर तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब आला तरी ते पाणी आत येऊ देत नाही. तो बाहेरच्या पाण्याचा आकडा आहे, दवाशी त्याचा संबंध नाही. दवासाठी बघायचं ते दोन थर. आत जाळीचा इनर, बाहेर फ्लाय, मधे हवेला वाट. दव फ्लायवर धरतं आणि ओघळून बाहेर जातं, फक्त फ्लायचे दोर ताणलेले हवेत; सैल फ्लाय इनरला चिकटला की दोन थरांचा उपयोग संपला. आपल्याकडच्या हवेसाठी एकथरी तंबू मी कुणालाही सुचवणार नाही, कितीही हलका असला तरी.

"आतून हात लावू नका, गळेल" हा सल्ला कॅनव्हासच्या जुन्या तंबूंचा. भिजलेल्या कॅनव्हासला आतून बोट लागलं की तिथून खरंच पाणी झिरपतं. लेप दिलेल्या नायलॉनला हात लावल्याने काही होत नाही, फक्त दव हाताला लागतं.

मॅटखालच्या ओलीचं थोडक्यात: मॅटच्या आकाराचाच ओला पट्टा असेल तर दव, कडेकडेने आत सरकत आलेली ओल असेल तर पाणी जमिनीकडून. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावत असेल तर ती पाऊस गोळा करून तुमच्याखाली आणते; कडा आत दुमडा.

जुलैतल्या सह्याद्रीत बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, तिथे झडपा उघडून फारसं साधत नाही. त्या दिवसांत गावात कुणाची पडवी मिळत असेल तर तीच घ्यावी. आणि पावसाळ्यानंतर तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकू नका. दमटपणाने आतला लेप चिकट होतो, कुबट वास येतो, पापुद्रे सुटतात. तसं झालं तर ती खरी गळती, आणि शिवणीला सीलर लावून ती थांबत नाही. फ्लाय नवा घ्यावा लागतो.