भरिताच्या चुलीपासून किती पावलं?

थंडी पडली की यावल-रावेरकडच्या केळीच्या मळ्यांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची आणि केळीच्या पानावर कळण्याच्या पुरीबरोबर खायची. माणसांचे सहज फोटो काढायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. सगळ्यांचे हात कामात असतात, कॅमेऱ्याकडे बघायला सवड कुणालाच नसते.

अशाच एका पार्टीत बडगीवर वाकून हसणाऱ्या आत्याचा फोटो मी घेतला. फोटोत नाक भलतंच मोठं आलं, कान मागे दडले. ‘वाइड लेन्सनं चेहरा बिघडतो,’ असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं. खरं कारण वेगळं होतं: मी तिच्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर होतो.

माणसाचं नाक कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. म्हणजे माझ्या लेन्सपासून नाक ४० आणि कान ५२ सेंटिमीटरवर. जवळची वस्तू त्याच प्रमाणात मोठी दिसते, म्हणून नाक कानांच्या तुलनेत ३० टक्के फुगलं. तोच फोटो दोन मीटरवरून घेतला असता, तर २०० आणि २१२. फरक फक्त ६ टक्के, डोळ्याला जाणवतही नाही. या हिशेबात फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा (लहान आकडा रुंद म्हणजे ‘वाइड’ दृश्य देतो, मोठा आकडा दूरचं जवळ ओढतो), कुठेच येत नाही. एकाच जागी उभं राहून २४ आणि ७० मिलिमीटरवर फोटो घ्या, २४ चा मधला तुकडा कापून मोठा करा. चेहऱ्याची ठेवण दोन्हींत सारखीच दिसेल.

मग लेन्स करते काय? तुम्ही कुठे उभं राहायचं, हे ठरवते. कॅमेरा उभा धरून कमरेपासून डोक्यापर्यंतचा, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटरचा माणूस चौकटीत बसवायचा असेल, तर फुलफ्रेम कॅमेऱ्यावर (त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो) २४ मिलिमीटरला ६० सेंटिमीटरवर जावं लागतं. ७० ला पावणेदोन मीटर, १०५ ला अडीच मीटरच्या थोडं पुढे, २०० ला पाच मीटर. एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे तिथली ५५ फुलफ्रेमच्या साधारण ८२ सारखी वागते. अंतर येतं दोन मीटरच्या आसपास.

मला हे दोन-अडीच मीटर फार मोलाचे वाटतात. चेहरा नीट येतो, आपण कुणाच्या अंगावर जात नाही, आणि ‘काकू, फोटो काढतोय हं’ हे शब्द सहज पोचतात. पाच मीटरवरून, झाडाआडून, समोरच्याला कळूही न देता टिपलेला चेहरा मला चोरल्यासारखा वाटतो. सारंगखेड्याच्या यात्रेत उधळलेला घोडा टिपायचा असेल, तेव्हा ७०-२०० मिलिमीटरची लेन्स जरूर न्या. तिथे दूर राहणंच शहाणपणाचं.

पण पार्टीत अंतर दर मिनिटाला बदलतं. आता चुलीभोवतीचा घोळका, लगेच पानावर वाकलेलं पोर. झूम लागते ती यासाठी. आतले भिंगांचे गट पुढेमागे सरकतात आणि दृश्याचा कोन बदलतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यांसाठीची पहिली झूम, ३६-८२ ची ‘झूमार’, १९५९ साली आली, आणि तिचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, होतं एफ २.८. (‘एफ’चा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं.)

अॅपर्चरचा आकडा मळ्यात लगेच कळतो. केळीची पानं लाल आणि निळा प्रकाश बराचसा शोषून घेतात, खाली उरतो मंद हिरवट उजेड. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ चौपट प्रकाश आत घेतं. एफ २.८ ला शटर १/२५० सेकंदच उघडं ठेवून भागत असेल, तर ५.६ ला १/६० वर यावं लागतं, आणि ठेचणारा हात पुसट होतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते आपल्या हाताचा कंप सावरतं, आत्याच्या हाताचा वेग नाही. (चेहऱ्यावरची हिरवी झाक मात्र कुठलीच लेन्स काढत नाही. माणसांना बांधावर, मोकळ्या उजेडाकडे बसवा.)

मोठ्या अॅपर्चरची किंमत वजनातही मोजावी लागते. २०० मिलिमीटरला एफ २.८ हवं, तर समोरचं भिंग किमान ७१ मिलिमीटर रुंद लागतं; ७० ला तेच २५ मध्ये भागतं. जड लेन्स पिशवीतच राहते, आणि पिशवीतल्या लेन्सनं आजवर कुणाचं हसू टिपलेलं नाही.

म्हणून रोजच्यासाठी माझी निवड फुलफ्रेमवर २४-१०५ एफ ४, एपीएस-सीवर १७-५० एफ २.८. खरेदीआधी मात्र एक करा. जुन्या फोटोंच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते, ती शंभरेक फोटोंत पाहा, म्हणजे आपल्याला खरी गरज कशाची आहे ते कळेल. माझ्या १८-५५ चे बहुतेक आवडते फोटो ५५ वरच अडकलेले निघाले, आणि त्यांतले निम्मे संध्याकाळचे, हललेले.