गावातून ऑफिसचं काम: रिमोट अ‍ॅक्सेसचा अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि निघण्याआधी उरकायच्या गोष्टी

नोकरी नागपूर-पुण्याच्या कंपनीत आणि घर दारव्हा, चिमूर नाहीतर मेहकर तालुक्यातल्या एखाद्या गावात, अशी बरीच मुलंमुली आता आहेत. कुणाच्या आईचं ऑपरेशन असतं, कुणाचं बाळंतपण, कुणाला कापूस वेचणीच्या दिवसांत घरी माणूस लागतो. साहेब हो म्हणतात, माणूस बॅग भरून गावी येतो, लॅपटॉप उघडतो आणि ऑफिसच्या सिस्टीममध्ये शिरताच येत नाही. मी आयटी सपोर्टमध्ये आहे आणि वर्षातले काही महिने स्वतःही दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून काम करतो. असे फोन मी खूप घेतले आहेत. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं: जे काम ऑफिसात बसून दहा मिनिटांत झालं असतं, ते दीडशे किलोमीटरवरून होत नाही.

म्हणून सर्वात आधी हे सांगतो. अर्ज गावी पोचल्यावर करायचा नसतो, निघण्याआधी करायचा असतो. माझ्या मते हातात तीन आठवडे ठेवा. आणि अर्ज मंजूर झाल्याची मेल आली म्हणजे काम झालं असं समजू नका. बाहेरच्या नेटवरून एकदा जोडणी करून पाहिल्याशिवाय शहर सोडू नका.

अर्ज नेमका कशाचा

साहेबांनी घरून काम करायला दिलेली परवानगी वेगळी आणि रिमोट अ‍ॅक्सेस वेगळा. पहिली एचआरची बाब आहे, दुसरी आयटी आणि माहिती सुरक्षेची. रिमोट अ‍ॅक्सेसमध्ये साधारण दोन गोष्टी येतात. एक व्हीपीएन, म्हणजे तुमच्या लॅपटॉपपासून कंपनीच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता. मधल्या मोबाइल कंपनीला किंवा शेजारच्या वायफायवाल्याला त्यातून काय जातंय ते वाचता येत नाही. दुसरी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ऑफिसातला किंवा सर्व्हरवरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवणं. हे दुसरं काम पहिल्याच्या आतूनच व्हायला हवं. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे संगणकात बाहेरून शिरायचं दार, इंटरनेटवर थेट उघडं ठेवलं, की पासवर्ड फोडणारे प्रोग्राम त्यावर रात्रंदिवस धडका देत राहतात. लहान कंपनीत कुणी ‘पोर्ट उघडून देतो, व्हीपीएनची भानगडच नको’ म्हणालं, तर नम्रपणे नाही म्हणा.

पात्रता

खासगी कंपनीत पात्रता कंपनीचं धोरण ठरवतं. नोकरी कायम झालेली आहे की अजून प्रोबेशनवर आहात, काम घरून होण्याजोगं आहे का, आणि ग्राहकाची हरकत आहे का, हे तीन प्रश्न जवळपास सगळीकडे विचारतात. तिसऱ्या प्रश्नावर अर्ज जास्त अडतात. बँक, विमा किंवा रुग्णालयाचा डेटा हाताळणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ग्राहकाची लेखी संमती लागू शकते, आणि ती आणायचं काम तुमच्या मॅनेजरचं असतं, तुमचं नाही. त्यांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपनीत असाल तर सरकारी नियमही लागतो. विशेष आर्थिक क्षेत्र नियमावली, २००६ मध्ये जुलै २०२२ ला ४३-अ हा नियम आला. आयटी आणि आयटी-सेवा युनिटचे कर्मचारी, तात्पुरते आजारी किंवा अपंगत्व आलेले, प्रवासात असलेले आणि युनिटबाहेर काम करणारे यांना त्यात घरून काम करता येतं. सुरुवातीला मर्यादा ५० टक्के कर्मचाऱ्यांची आणि एका वर्षाची होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियम सैल झाला आणि मुदती नंतरही बदलत गेल्या. तुमच्या युनिटला आज कुठल्या तारखेपर्यंत मुभा आहे हे एचआरला लेखी विचारा. याच नियमात कर्मचाऱ्याला साधनं आणि सुरक्षित जोडणी देण्याची जबाबदारी युनिटवर टाकलेली आहे. म्हणजे व्हीपीएन मागताना तुम्ही उपकार मागत नाही.

कॉल सेंटर आणि बीपीओच्या लोकांसाठी एकेकाळी घरून काम म्हणजे बँक गॅरंटीपर्यंतच्या अटी होत्या. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये त्या काढून टाकल्या. तेव्हा ‘सरकार परवानगी देत नाही’ हे उत्तर आता पटण्यासारखं राहिलेलं नाही.

सरकारी कार्यालयातल्यांचा मार्ग निराळा आहे. तिथे एनआयसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, व्हीपीएन सेवा असते, अर्ज ऑनलाइन आणि सरकारी ईमेलवरूनच होतो, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच पुढे सरकतो. सरकारी ईमेल नसेल तर आधी तो काढा.

कागदपत्रं

यादी लांब नसते: कंपनीचं ओळखपत्र, मॅनेजरच्या मंजुरीची मेल, ज्या घरातून काम करणार त्या पत्त्याचा पुरावा, लॅपटॉपचा सिरीयल नंबर असलेला साहित्याचा फॉर्म, इंटरनेट जोडणीचा तपशील आणि सुरक्षा नियम मान्य असल्याची सही. मिहानसारख्या ठिकाणी लॅपटॉप बाहेर न्यायला गेटपासही लागतो, कारण तिथली साधनं बऱ्याचदा ड्युटी न भरता आत आलेली असतात आणि बाहेर जाताना त्यांची नोंद ठेवावी लागते.

पत्त्याच्या पुराव्यावर थोडं थांबतो, कारण इथे माझा स्वतःचा अर्ज परत आला होता. आधारवर माझा पत्ता नागपूरचा. गावच्या घराचा पुरावा म्हणून मी घाईत ८-अ जोडला. ८-अ हा तलाठ्याकडचा जमिनीच्या खात्याचा उतारा. त्यात शेत दिसतं, घर दिसत नाही. घरासाठी लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीचा उतारा. त्यावर घर क्रमांक आणि मालकाचं नाव असतं. नंबर सारखा असल्याने गावातही घोटाळा होतो, तर शहरात बसलेल्या एचआरच्या मुलीला फरक कळावा ही अपेक्षाच चुकीची. माझे त्यात आठ दिवस गेले. नमुना ८, चालू घरपट्टीची पावती आणि महावितरणचं वीजबिल, हे तीन एकत्र जोडा. घर वडिलांच्या, आजोबांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असणारच. तेव्हा ‘या घरात मी राहतो, मालक माझे अमुक नातलग आहेत’ असं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र सोबत द्या. बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं.

फॉर्म भरताना

‘स्टॅटिक आयपी आहे का?’ या रकान्याला लोक घाबरतात. स्टॅटिक आयपी म्हणजे तुमच्या जोडणीचा कधी न बदलणारा इंटरनेटवरचा पत्ता. मोबाइल नेटवर आणि गावातल्या बऱ्याच जोडण्यांवर एकच बाहेरचा पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे उत्तर ‘नाही’ असं असतं, आणि तसंच लिहायचं. घरातून बाहेर जाणाऱ्या व्हीपीएनला स्टॅटिक आयपी लागत नाही. कंपनीने ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश ठेवला असेल तरच तो विकत घ्या, आणि त्याचा खर्च कंपनी देते का ते आधी विचारा.

‘कोणत्या सिस्टीम हव्यात’ इथे ‘सर्व’ लिहू नका. रोज ज्या तीन-चार गोष्टींवर काम करता त्यांची नावं लिहा. ‘सर्व’ लिहिलेला अर्ज सुरक्षा विभाग बाजूला ठेवतो, आणि ते बरोबरच करतो. उद्या तुमचा पासवर्ड चोरीला गेला, तर चोराच्या हाती तेवढंच लागावं जेवढं तुम्हाला दिलं होतं.

लॅपटॉप स्वतःचा असेल तर खरं लिहा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुना लॅपटॉप बहुतेक नाकारला जाईल. हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतला डेटा वाचता येत नाही. घरातली पोरं त्यावर गेम खेळत असतील तर ते आधी थांबवा. माझं मत विचाराल तर कंपनीचाच लॅपटॉप मागा. घरचा कॉम्प्युटर आणि ऑफिसचा डेटा एका जागी नकोच.

इंटरनेटचा वेग लिहिताना सकाळी सहाला घेतलेला आकडा लिहू नका. गावातला टॉवर संध्याकाळी सात ते दहा पार बसतो. सकाळी, दुपारी, रात्री आठला आणि लाइन गेलेली असताना, अशा चार वेळी मोजा. शेवटचं फार महत्त्वाचं. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी टॉवरची बॅटरी उतरली की नेट जातंच. रिमोट डेस्कटॉपला वेग फार लागत नाही, काही एमबीपीएसवर काम भागतं. त्याला लागतो झटपट प्रतिसाद. स्पीड टेस्टमधला पिंगचा आकडा १०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर काम सुखाने होतं; ३०० च्या वर गेला की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं आणि डोकं दुखतं. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेली असेल तर तिथून किंवा बीएसएनएलच्या स्थानिक माणसाकडून घरी जोडणी मिळते का याची चौकशी करा. आणि दुसऱ्या कंपनीचं एक सिम जवळ ठेवा. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की ती कधी जोडली जाईल याची खात्री कुणी देत नाही.

मंजुरी

अर्ज हेल्पडेस्कच्या पोर्टलवर टाकला की तिकीट नंबर मिळतो. तो जपून ठेवा. आधी मॅनेजर, मग सुरक्षा विभाग, शेवटी आयटी. अर्ज कुणाच्या टेबलावर अडला आहे ते पोर्टलवर दिसतं, त्यामुळे सगळ्यांना फोन करत बसू नका, नेमक्या माणसाला करा.

निघण्याआधी, ऑफिसात बसून

नवीन लॅपटॉपवर तुमचं पहिलं लॉगिन ऑफिसच्या नेटवर्कवरच करा. बहुतेक ठिकाणी लॅपटॉप तुम्हाला पहिल्यांदा ओळखतो तो तिथेच. गावात नेऊन पहिल्यांदा उघडलात तर तो पासवर्ड घेत नाही, आणि लॉगिनच झालं नाही तर व्हीपीएन सुरू कुठून करणार? पासवर्डची मुदत कधी संपते ते बघा आणि जवळ आली असेल तर तिथेच बदलून घ्या.

मग दुसरी ओळख, म्हणजे ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर. एसएमएसचा ओटीपी शक्यतो घेऊ नका. आमच्या घरात फोनला रेंज मिळते ती गच्चीवर; ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपते. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ आपोआप जुळणाऱ्या वेळेवर ठेवा, कारण कोड वेळेवरूनच निघतो. फोन नसताना वापरायचे राखीव कोड दिले तर कागदावर लिहून घरी कुलपात ठेवा. फोन विहिरीत पडला, चोरीला गेला किंवा बदलला, तर हाच कागद कामी येतो.

आता खरी परीक्षा. ऑफिसच्या वायफायवर व्हीपीएन तपासून काही कळत नाही, कारण तुम्ही आधीच आत आहात. कॅन्टीनमध्ये जा, गावात ज्या कंपनीचं सिम चालतं त्याचाच हॉटस्पॉट लावा आणि त्यावरून जोडून पाहा. काही मोबाइल नेटवर्कवर विशिष्ट प्रकारचा व्हीपीएन अडतो. तसं झालं तर ४४३ पोर्टवरून, म्हणजे साध्या वेबसाइट उघडतात त्याच दारातून, चालणारी जोडणी देता येईल का असं आयटीला विचारा. हे बोलणं समोरासमोर पाच मिनिटांत होतं. फोनवरून, तेही रेंज येत-जात असताना, तेच सांगता सांगता अर्धा दिवस जातो.

गावी आल्यावर

राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लाइन दहा मिनिटं गेली तरी मीटिंग तुटत नाही. मे महिन्यात टिनाच्या खोलीत लॅपटॉप चालवू नका, आणि कूलरच्या थेट झोताखालीही ठेवू नका, ओल आत जाते. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की राउटर आणि चार्जरचे प्लग काढून ठेवा.

आणि जोडणी होईना म्हणून एनीडेस्कसारखं, दुसऱ्याला तुमचा पडदा दुरून चालवू देणारं अ‍ॅप स्वतःच्या मनाने टाकू नका. अशा अ‍ॅपवरून खाती रिकामी होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ‘कंपनीच्या आयटीतून बोलतोय, कोड सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि पोर्टलवरच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

लॅपटॉप एसटीत राहिला, चोरीला गेला किंवा तुम्ही चुकीच्या ठिकाणी पासवर्ड टाकला, तर आधी आयटीला फोन करा, मग पोलीस स्टेशन गाठा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपनीला अशा सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवाव्या लागतात. ओरडा बसेल या भीतीने सकाळपर्यंत थांबणारी मुलं मी पाहिली आहेत. आयटीला वेळेत कळलं तर तुमचा प्रवेश दोन मिनिटांत बंद करता येतो आणि पुढचं नुकसान टळतं.

मंजुरीवर मुदतीची तारीख असते. ती संपण्याच्या पंधरा दिवस आधी मुदतवाढीचा अर्ज टाका. नाहीतर मुदत संपते त्या दिवशी सकाळी व्हीपीएन आपोआप बंद होतो आणि नवीन अर्ज पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू होतो. काम संपवून लॅपटॉप परत करताना सिरीयल नंबर लिहिलेली पोच घ्या, गेटपासवर परतीची नोंद करून घ्या, आणि रिमोट अ‍ॅक्सेस बंद केल्याची मेल मागा. पोच आणि मेल, दोन्ही नोकरी सोडल्यावरही जपून ठेवा. शेवटच्या हिशोबात लॅपटॉपचे पैसे कापल्याची तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा मी त्यांच्याकडे आधी तोच कागद मागतो.