जोखमीच्या तक्त्यात संधीचा रकाना

शहर-प्रदेशासाठी हवामानबदलाचं मूल्यमापन म्हटलं की आज हातात पडतो तो एक तक्ता. एकेका रांगेत एकेक विषय: रुग्णालयं, रेल्वे, पाणीपुरवठा, वीज, घरं, पाणथळ जागा. पुढे शक्यता किती, परिणाम किती मोठा, कृतीची निकड किती. चौकटींना लाल, पिवळा, हिरवा रंग. आणि मुखपृष्ठावर ‘जोखमी आणि संधी’. हे दोन शब्द इतके जोडीनं येतात की पहिल्यापासून जोडीनंच असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात संधी बरीच उशिरा आली, आणि आली तीही एका वाटेनं नाही. आजच्या तक्त्यातला बराचसा गोंधळ तिथला आहे.

जुन्या काळात शहरं हवामानाचा विचार एका धोक्यापुरता करत. १९५३ मध्ये उत्तर समुद्राच्या भरतीनं नेदरलँड्समध्ये १,८०० च्या वर आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं दगावली. त्यानंतर लंडननं टेम्स नदीवर फिरत्या दारांचा बांध उभारला. १९८२ मध्ये तो कामाला लागला, तोही २०३० पर्यंत समुद्र किती चढेल याचा अंदाज धरून. एक धोका, एक बांधकाम, एक मुदत. त्यात संधीचा प्रश्नच नव्हता. भरतीत कुणाला कसली संधी?

सगळा प्रदेश एकत्र धरून, विषयवार पाहणी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणून मी २००१ चा न्यूयॉर्कचा अभ्यास धरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यमापनाचा तो प्रादेशिक भाग होता. तो केवळ शहरापुरता नव्हता. तीन राज्यांतल्या ३१ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, त्यात होत्या. किनारा, पायाभूत सुविधा, पाणथळ जागा, पाणीपुरवठा, आरोग्य, विजेची मागणी आणि निर्णय घेणाऱ्या यंत्रणा असे सात विषय त्यात घेतले होते. डिसेंबर १९९२ च्या वादळात भुयारी रेल्वे बंद पडली होती, त्या अनुभवावरून भुयारांची सखल तोंडं पाण्याला किती उघडी आहेत हे त्यात मांडलं होतं. २९ ऑक्टोबर २०१२ ला ‘सँडी’ वादळ आलं आणि ईस्ट रिव्हरखालचे भुयारी रेल्वेचे सात बोगदे पाण्यानं भरले. म्हणजे कागदावर सगळं अकरा वर्षं आधी होतं.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे फारसं कुणी बोट दाखवत नाही. २००८ मध्ये शहरानं तज्ज्ञांचं नवं मंडळ नेमलं, तेव्हा अभ्यासाची कक्षा ३१ काउंटींवरून शहराच्या हद्दीवर आली. कारण सरळ होतं: महापौरांचा अधिकार जिथपर्यंत, तिथपर्यंतच सल्ला. सँडीचं पाणी मात्र हडसन नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्येही घुसलं, आणि तिथून रोज हजारो लोक कामासाठी याच शहरात येतात. प्रदेश ही अभ्यासाला सोयीची आणि कारभाराला गैरसोयीची गोष्ट आहे. ग्लासगोचंच घ्या. तिथला शहर-प्रदेश म्हणजे आठ स्थानिक परिषदा, आपल्या नगरपालिकांसारख्या. पण १८५९ पासून ग्लासगोला ज्या कॅट्रिन सरोवराचं पाणी मिळतं, ते सरोवर या आठांपैकी एकीच्याही हद्दीत नाही. तक्त्यात ‘पाणीटंचाई’ ही रांग आहे. पाणी जिथून येतं ती जागा नकाशाबाहेर.

आता शब्दांकडे वळू.

हवामानशास्त्राच्या जागतिक अहवालमालेत २००१ आणि २००७ ला मध्यवर्ती शब्द होता तो दुबळेपणाचा. तुम्ही कशाच्या तोंडावर आहात, त्याचा तुम्हाला किती त्रास होतो आणि त्याच्याशी किती जुळवून घेता येतं, या तिन्हींतून दुबळेपणा काढायचा. २०१२ च्या विशेष अहवालात आणि २०१४ च्या पाचव्या अहवालात ही मांडणी बदलली. आता मध्यभागी जोखीम आली, आणि ती तीन गोष्टी जिथे एकमेकींवर पडतात तिथे जन्मते असं ठरलं: धोका, धोक्याच्या वाटेत असणं, आणि वाटेत जे आहे त्याचा दुबळेपणा. ‘तोंडावर असणं’ पूर्वी दुबळेपणाच्या पोटात होतं, ते बाहेर काढून स्वतंत्र ठेवलं. वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो. पण एखाद्या शहराचा २००९ चा दुबळेपणाचा नकाशा आणि २०१६ चा जोखमीचा नकाशा शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. ते दोन निरनिराळ्या गोष्टींची तुलना करत होते.

या सगळ्या मांडणीत जोखीम म्हणजे वाईट परिणामाची शक्यता. चांगल्या परिणामाला तिथे जागा नाही. नेमकं त्याच सुमारास, २००९ मध्ये, व्यवस्थापनाच्या क्षेत्रातलं एक आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यानं जोखमीची व्याख्या केली ‘उद्दिष्टांवर अनिश्चिततेचा होणारा परिणाम’, आणि हा परिणाम चांगलाही असू शकतो असं तिथेच स्पष्ट केलं. म्हणजे वैज्ञानिकाच्या तोंडी जोखीम हा एका दिशेचा शब्द आणि व्यवस्थापकाच्या तोंडी दोन्ही दिशांचा. शहराच्या बैठकीत हे दोघं एकाच टेबलाशी बसतात. एक म्हणतो, ‘ही जोखीम नाही, हा फायदा आहे’. दुसरा म्हणतो, ‘म्हणूनच ती याच तक्त्यात हवी’. दोघंही आपापल्या पोथीप्रमाणे बरोबर.

मराठीत ही अडचण आणखी वाढते, कारण आपण ‘धोका’ आणि ‘जोखीम’ सर्रास एकमेकांऐवजी वापरतो. जोखीम उचलतात, पत्करतात. धोका समोर उभा असतो किंवा कुणीतरी देतो. खरं तर आपल्या भाषेतला हा फरक इथे कामाचा आहे, पण अनुवादित अहवालांत तो पहिल्याच पानावर पुसला जातो.

ब्रिटननं २००८ मध्ये हवामानबदलाचा कायदा केला आणि दर पाच वर्षांनी देशव्यापी मूल्यमापन सरकारवर बंधनकारक केलं. त्या कलमात शब्द आहे तो जोखमींचा. संधीचा नाही. तरीही २०१२ मध्ये पहिलं मूल्यमापन आलं तेव्हा त्यात संधी होत्या, आणि ठळकपणे होत्या. आर्क्टिकमधला बर्फ वितळला की आशियाकडे जाणारा जवळचा सागरी मार्ग खुला होईल. हिवाळे सौम्य झाले की थंडीनं होणारे मृत्यू घटतील. हा निर्णय मला आजही वादाचा वाटतो, आणि पुढे शहर-प्रदेशांनी हीच पद्धत उचलल्यामुळे तो वाद त्यांच्याही घरात आला.

थंडीच्या मृत्यूंचं उदाहरण बघा. २०१२ च्या अहवालानं २०५० च्या दशकासाठी दोन आकडे दिले: उष्म्यानं वर्षाला ५८० ते ५,९०० जादा अकाली मृत्यू, आणि सौम्य हिवाळ्यामुळे टळणारे ३,९०० ते २४,०००. हे आकडे शेजारी ठेवले की डोळा आपोआप वजाबाकी करतो, आणि वजाबाकीचं उत्तर असं निघतं की हवामानबदल हे आरोग्य खात्याचं वरदान आहे. अहवाल लिहिणाऱ्यांना असं म्हणायचं नव्हतं. पण तक्ता वाचणाऱ्याला तळटीप दिसत नाही, बेरीज दिसते. थंडीत वाचणारी माणसं आणि उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत मरणारी माणसं वेगवेगळी आहेत, घरं वेगळी आहेत, त्यांच्यासाठी करायचा खर्चही वेगळा आहे. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली. आधीच्या सौम्य हिवाळ्यांची जमा त्यांच्या खात्यावर टाकता येत नव्हती. पुढच्या फेरीत, म्हणजे मूल्यमापनासाठी तज्ज्ञांनी गोळा केलेल्या २०१६ च्या पुराव्यांच्या अहवालात, सूर बदलला. उष्म्याचे मृत्यू वर्षाला सुमारे २,००० आहेत, ते २०५० च्या दशकात ७,००० च्या घरात जातील. थंडीचे मात्र फारसे घटणार नाहीत, कारण लोकसंख्या म्हातारी होत चालली आहे. चार वर्षांपूर्वीची मोठी संधी अशी जवळजवळ विरून गेली.

दुसरं उदाहरण लहान आहे, पण शहराच्या पातळीवर तेच जास्त भेटतं. हिवाळे सौम्य झाले की रस्त्यांवर बर्फ कमी साचेल, मीठ कमी टाकावं लागेल, पैसे वाचतील. थंड देशांतल्या तक्त्यांत ही संधी हमखास असते. पण २०१० चा डिसेंबर हा ब्रिटनमधला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर होता. सरासरी सौम्य होते, एखादा महिना तरीही गोठवतो. मिठाचा साठा ठेवावा लागतो, गाड्या ठेवाव्या लागतात, चालकांना पगार द्यावा लागतो. मग वाचलं काय? थोडं मीठ.

इथे जोखीम आणि संधी यांच्यातला खरा फरक दिसतो, आणि तो रंगांत मांडता येत नाही. जोखीम कुणी काही केलं नाही तरी येते. संधी कुणी काही केलं तरच येते. पूर यायला ठराव लागत नाही. त्यामुळे दोन्हींना ‘शक्यता गुणिले परिणाम’ हे एकच सूत्र लावलं की संधीच्या बाजूचा आकडा हवेतला होतो: तिथे शक्यता हवामानाची मोजायची की नगरपालिकेच्या उत्साहाची?

शिवाय आतापर्यंत ज्या संधीबद्दल बोललो ती हवामानानं स्वतः दिलेली. दुसऱ्या जातीची संधी आली ती उपाय करण्यातून. रॉटरडॅमनं २००८ च्या सुमारास २०२५ पर्यंत शहर हवामानाला तोंड द्यायला सज्ज करायचं ठरवलं, आणि हे काम म्हणजेच संधी असं उघडपणे मांडलं. २०१३ मध्ये तिथे एक चौक तयार झाला. एरवी खेळायचं मैदान, पाऊस पडला की सुमारे १७ लाख लिटर पाणी साठवणारा हौद. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत ढगफुटी झाली, तळघरं भरली. पुढच्या वर्षी शहरानं जी योजना केली तिच्यात नुसते मोठे पाइप टाकण्याऐवजी उद्यानं आणि रस्ते पाणी वाहून नेतील असे घडवायचे ठरले. शहर देखणं होतं, जागांना भाव येतो, आपल्या अभियंत्यांचं ज्ञान बाहेर विकता येतं. ही संधी खरी आहे, पण ती हवामानबदलाची नव्हे, चांगल्या कामाची आहे.

तिसरी जात पैशाच्या जगातून आली. २०१५ मध्ये एका मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखांनी लंडनमधल्या विमा व्यावसायिकांसमोर हवामानाच्या जोखमीचे तीन प्रकार मांडले: प्रत्यक्ष हानीची, नुकसानभरपाईच्या दाव्यांची, आणि कार्बनकडून दूर जाताना बसणाऱ्या धक्क्यांची. २०१७ मध्ये कंपन्यांनी आपल्या अहवालात काय उघड करावं याच्या शिफारशी आल्या आणि ‘जोखमी व संधी’ ही जोडी पक्की झाली. तिथे संधी म्हणजे ऊर्जाबचत, नवी उत्पादनं, नव्या बाजारपेठा. गुंतवणूकदाराच्या दृष्टीनं ते ठीकच आहे.

शहर-प्रदेशाच्या तक्त्यात या तिन्ही जाती एकाच शीर्षकाखाली बसतात. सौम्य हिवाळा, पाणी साठवणारा चौक आणि हरित रोजगार. पहिलीत माणसाला काही करायचं नाही, दुसरीसाठी नगरपालिकेला खर्च करायचा आहे, तिसरी बहुतांशी खाजगी कंपन्यांच्या हातात आहे. जबाबदार कोण या शेवटच्या रकान्यात मग ‘सर्व भागीदार’ असं लिहिलं जातं. ज्यांनी असे तक्ते हाताळले आहेत त्यांना या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक आहे: कुणीच नाही.

जोखमीच्या रांगांत मालकी तरी शोधता येते. रेल्वेचे रूळ घ्या. ब्रिटनमध्ये रूळ टाकताना त्यांना असा ताण दिलेला असतो की २७ अंशांना ते ना ताणलेले ना दाबलेले. उन्हातला रूळ हवेपेक्षा २० अंशांपर्यंत जास्त तापतो, आणि फार तापला की वाकू शकतो. १९ जुलै २०२२ ला तिथे हवाच ४०.३ अंशांवर गेली. आधीच गाड्यांचा वेग उतरवला होता, काही मार्ग बंद ठेवले होते. पण तक्त्यात ही रांग ‘वाहतूक’ खाली असते आणि वेळेवर न पोचलेली परिचारिका ‘आरोग्य’ खाली. दोन रांगांना जोडणारी रेघ कुठेच नसते. एकातून दुसरी उद्भवणाऱ्या जोखमींवर अलीकडे भर आला तो अशा अनुभवांतून.

२०२१ च्या ब्रिटिश पुराव्यांच्या अहवालात जोखमी आणि संधी मिळून ६१ नोंदी आहेत. आर्क्टिकचा सागरी मार्ग त्यात अजून आहे. २०२२ च्या जागतिक अहवालानं जोखमीला चौथा पाय दिला: आपल्या उपायांतूनही जोखीम तयार होते. वातानुकूलन यंत्रं खोली थंड करतात, गल्ली तापवतात आणि नेमक्या त्याच दुपारी विजेवर भार टाकतात. म्हणजे दुसऱ्या जातीच्या संधीखाली आता जोखमीचीही रांग काढावी लागते.

मानकांचं म्हणाल तर हवामानाशी जुळवून घेण्यासाठीच्या मूल्यमापनाचं आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये निघालं. त्याच्या नावात दुबळेपणा आहे, परिणाम आहेत, जोखीम आहे, संधी नाही. जून २०२३ मध्ये कंपन्यांच्या आर्थिक अहवालांसाठीचं मानक आलं, त्यात ‘जोखमी व संधी’ ही जोडी पानोपानी आहे. स्थानिक परिषदांचा तक्ता पहिल्याच्या धर्तीवर भरला जातो, त्याच प्रदेशाला पाणी आणि वीज पुरवणाऱ्या कंपन्यांचा दुसऱ्याच्या. नदीकाठचं एखादं पंपघर दोन्हीकडे असतं: परिषदेच्या कागदावर लाल चौकटीत, कंपनीच्या कागदावर ‘क्षमतावाढीतली गुंतवणूक’ म्हणून.