बोटीतले ग्लासभर पाणी आणि मिनेसोटाचे बजेट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत. यांतल्या अनेक तळ्यांना आज बोटींचाच धोका आहे. शनिवारी एका तळ्यात उतरलेली बोट ट्रेलरवर चढून रविवारी दुसऱ्या तळ्यात जाते आणि तिच्याबरोबर झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपलाही जातो. हे रोखण्यासाठी, म्हणजे बोटींच्या तपासणीसारख्या कामांसाठी, राज्य सरकार 2014 पासून काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रशासनांना) निधी देते. पहिल्या वर्षानंतर ही रक्कम वर्षाला 1 कोटी डॉलर ठरली. अर्धी वाटणी बोटी उतरवण्याच्या उतारांच्या संख्येवर होते, तर अर्धी तिथे ट्रेलर लावायला किती जागा आहेत यावर. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की असा निधी चटकन नजरेत भरतो, कारण त्यातून ना पूल उभा राहतो ना इमारत. आमदारांनी याला हात लावू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. त्याचे कारण या शिंपल्याच्या जीवनचक्रातच आहे.

एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते. अंड्यांतून निघालेले डिंभ (अळ्या) इतके सूक्ष्म असतात की ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीच्या तळात, इंजिनात किंवा मासे ठेवायच्या टाकीत ग्लासभर पाणी उरले, तरी त्यांचा प्रवास होतो. मोठे शिंपले चिवट धाग्यांनी बोटीच्या बुडाला आणि पाणवनस्पतींना चिकटतात. तळ्यात जम बसला की एकेक शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळतो. पाणी नितळ दिसू लागते आणि लोक खूश होतात, पण माशांच्या पिलांचे अन्न असलेले प्लवकच (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) त्यातून नाहीसे झालेले असते. सूर्यप्रकाश खोलवर पोचतो आणि तळाशी तण माजते.

उपाय साधे आहेत, पण ते नेमकेपणाने करावे लागतात. बोट बाहेर काढल्यावर वनस्पतींचा प्रत्येक तुकडा खरवडून काढायचा. बुडाचे बूच काढून पाणी सोडायचे आणि रस्त्यावर बूच उघडेच ठेवायचे. तसा कायदाच आहे. मग 60 अंश सेल्सियसच्या पाण्याने प्रत्येक भाग 10 सेकंद धुवायचा किंवा बोट निदान 5 दिवस कोरडी ठेवायची. धुताना चूक होते ती घाईमुळे. फवारा भराभर फिरवला की पाणी पत्र्यावर पोचेपर्यंत निवते आणि शिंपला जगतो. लाटा उठवणाऱ्या बोटींत वजनासाठी पाण्याच्या टाक्या असतात. त्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत, म्हणून तपासनीसाने त्यांच्याबद्दल वेगळे विचारायला हवे. तरंगते धक्के आणि बोट उचलण्याचे सांगाडे दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी 21 दिवस वाळवणे सक्तीचे आहे.

शिंपले एकदा शिरले की काय होते, हे मिनेसोटातल्याच ख्रिसमस लेक या तळ्याने दाखवले. 2014 च्या ऑगस्टमध्ये तिथे बोटी उतरवण्याच्या जागेपाशी झेब्रा मसल सापडले. तो कोपरा पडद्याने वेगळा करून जैविक कीटकनाशक, तांबे आणि पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) अशी तिन्ही अस्त्रे वापरली गेली. तरीही 2015 मध्ये शिंपले तळ्यात दुसरीकडे आढळले. व्हर्जिनियातल्या मिलब्रुक खाणीत 2006 साली पोटॅशने त्यांचा पूर्ण नायनाट झाला, पण ते पाणी जेमतेम 12 एकरांचे होते. मिनेसोटातले मिनेटोंकासारखे तळे 14,000 एकरांहून मोठे आहे. तिथे 2010 मध्ये सापडलेले झेब्रा मसल आता कायमचे आहेत. जलपर्णी एकदा पसरली की दरवर्षी काढावी लागते, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. मिनेसोटात मात्र अजून हजारो तळी स्वच्छ आहेत, आणि तपासणीचा पैसा त्यांच्यासाठी आहे.

कपात झालीच तर राज्याच्या 2008 च्या घटनादुरुस्तीने मिळणारा स्वच्छ पाण्याचा निधी आहेच, असे कुणी म्हणेल. पण तो पैसा पूर्वापार चालत आलेल्या निधीत भर घालण्यासाठी आहे आणि त्याच्याऐवजी वापरता येणार नाही, अशी अट त्या दुरुस्तीतच लिहिली आहे.

वेळापत्रकही आड येते. मासेमारीचा हंगाम मेच्या मध्याला सुरू होतो, तर राज्याचे आर्थिक वर्ष 1 जुलैला. जुलैत रक्कम घटली तर प्रशिक्षित माणसे ऐन हंगामात कमी करावी लागतील. म्हणून दोन वर्षांच्या बजेटमध्ये ही रक्कम पूर्ण आणि वेळेआधी मंजूर व्हावी. काउंट्यांनीही सर्वांत जास्त तास बाधित तळ्यांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर द्यावेत, विशेषतः रविवारी दुपारनंतर, कारण तिथे थांबवलेली एक बोट पुढची अनेक तळी वाचवते.