जाम की सॉस? एका तुलनेची पार्श्वभूमी

थंडी सुरू झाली की इंदूरच्या रामबागेत जामाच्या हातगाड्या दिसू लागतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दर वर्षी सांगावं लागतं की इंदूरचा जाम म्हणजे तुमचा पेरू. गाडीवाला जाम हातातच धरून सुरीने चार चिरा देतो. फुलासारखा उमलला की त्यात जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरतो आणि पुढे करतो. परवा तशाच फोडी डब्यात भरत होते, तर भाचा म्हणाला, "मावशी, फळ नको, पराठ्यांबरोबर सॉस दे. टोमॅटो पण फळच असतं, शाळेत शिकवलंय."

शाळेत शिकवलं ते खरंच आहे. ज्यात बिया असतात, जे फुलापासून तयार होतं, ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फळ. पण या मुद्द्यावर एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं होतं. आयात भाज्यांवर जकात होती, फळांवर नव्हती, म्हणून व्यापारी टोमॅटोला फळ म्हणत होते. १८९३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, तेव्हा जकातीपुरती ती भाजीच. आपल्याकडे जुन्या बायका टोमॅटोला बेलवांगी म्हणत. तो वांग्याच्या कुळातला, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. जाम आणि टोमॅटो दोघेही मूळचे अमेरिका खंडातले, दोघेही पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. इथवर दोघांची वाट एकच.

केचपची, म्हणजे भाच्याच्या टोमॅटो सॉसची, वाट मात्र फार निराळी आहे. हा शब्द दक्षिण चीनच्या होक्किएन बोलीतला, आणि तिथे तो खारवलेल्या माशांच्या रसासाठी होता. इंग्रज व्यापाऱ्यांनी तो घरी नेला आणि आळंबीचे, अक्रोडाचे केचप घालू लागले. टोमॅटो त्यात बराच उशिरा आला. फिलाडेल्फियाच्या जेम्स मीज यांनी १८१२ मध्ये टोमॅटोच्या केचपची कृती छापली. म्हणजे केचप हे मुळात लोणच्याच्या जातीचं, टिकवण्यासाठी आणि जेवणाला चव आणण्यासाठी केलेलं. फळाची जागा घ्यायला ते कधीच जन्मलं नव्हतं.

ते इतकं गोड का झालं, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले बरेच कारखाने डबाबंद टोमॅटोतून उरलेल्या साली आणि देठाकडचा भाग शिजवून केचप बनवत. ते पातळ असे, लवकर आंबे, म्हणून त्यात सोडियम बेन्झोएट हे टिकवणारं रसायन घालत. सरकारचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली त्याच्या विरोधात उभे राहिले, आणि १९०६ मध्ये अन्नभेसळीविरुद्धचा कायदा आला. हाइन्झ कंपनीने त्याच सुमारास बेन्झोएट सोडलं. त्याच्या जागी चांगले पिकलेले टोमॅटो आणि पूर्वीपेक्षा बरीच जास्त साखर, व्हिनेगर, मीठ आलं. रसायन गेलं ही चांगलीच गोष्ट झाली. पण टिकवण्याचं काम साखर-मिठावर आलं, जगाच्या जिभेला तीच चव लागली आणि ती आजही बहुतेक बाटल्यांत आहे.

माझ्या भाच्याचा युक्तिवाद मोठ्या माणसांनीही केला आहे. १९८१ मध्ये अमेरिकी सरकारने शाळांच्या जेवणाचे नियम सैल करायला घेतले. चटणी-लोणच्यासारखे पदार्थही भाजी म्हणून मोजले जातील, असा त्या मसुद्याचा अर्थ निघाला. 'केचप म्हणजे भाजी' म्हणून देशभर आरडाओरडा झाला आणि मसुदा मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे अन्न मोजायला सुरुवात झाली ती निलगिरीत, कुन्नूरला. रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१८ मध्ये तिथे छोटी प्रयोगशाळा काढली. पोळी, दूध, डाळ, भाज्या, फळं असा पंजाबातल्या शीख घरांचा आहार त्यांनी उंदरांच्या एका गटाला दिला. दुसऱ्या गटाला पांढरा पाव, मार्गरिन, डब्यातलं मांस, मुरंबा आणि साखरेचा चहा. पहिला गट धट्टाकट्टा राहिला, दुसरा खुरटला. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्यावर मॅककॅरिसनच्या कामाचा मोठा प्रभाव होता, आणि इंदूरकर म्हणून मला याचा अभिमान आहे. १९२४ पासून सात वर्षं हॉवर्ड आमच्या इंदुरात होते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे त्यांनी कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' बसवली. माती, पीक आणि माणसाची तब्येत ही एकच साखळी आहे, असं ते सांगत. कुन्नूरची प्रयोगशाळा पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. भारतीय अन्नाची तिची ताजी कोष्टकं २०१७ ची आहेत.

आता आकडे. १०० ग्रॅम जामात 'क' जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्याच्या चौपट. तेवढ्याच केचपमध्ये ते जेमतेम ४ मिलिग्रॅम, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेपुढे टिकत नाही. जामात तंतू ५ ग्रॅमच्या वर, केचपमध्ये नावापुरते. केचपमध्ये साखर २० ग्रॅमच्या वर आणि सोडियम, जे मिठातून येतं, ९०० मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सॉस कोणी १०० ग्रॅम खातं का, असं भाचा लगेच म्हणेल, आणि ते रास्त आहे. म्हणून चमच्याचा हिशेब करू. मोठा चमचाभर केचप म्हणजे १७ ग्रॅम. त्यात साखर साडेतीन ग्रॅमच्या वर, सोडियम दीडशे मिलिग्रॅम, 'क' जीवनसत्त्व एक मिलिग्रॅमही नाही. १७ ग्रॅमची जामाची एक फोड तेच जीवनसत्त्व पस्तीसेक मिलिग्रॅम देते. मोठ्या बाईची दिवसाची शिफारस ६५ मिलिग्रॅम आहे. दोन फोडींत ती भागते.

सॉसच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन शिजवल्याने कमी उपयोगाचं होत नाही, उलट शरीर ते जास्त चांगलं शोषतं, आणि थोडं तेल सोबत असेल तर आणखीच. १०० ग्रॅम केचपमध्ये ते १२ मिलिग्रॅमच्या घरात असतं, कच्च्या टोमॅटोत अडीच. पण त्यासाठी बाटलीच कशाला? घरात फोडणीला टाकलेल्या टोमॅटोच्या रश्श्यातही तेच घडतं, साखरेशिवाय.

आणि लाल गराच्या जामातही लायकोपीन असतं, १०० ग्रॅमला ५ मिलिग्रॅम. परवा गाडीवाल्याकडून तसेच निवडून आणले. फोडी करून डब्यात भरल्या, जीरावन अगदी चिमूटभर टाकलं, कारण मीठ त्यातही असतंच. सॉसचा एक चमचा कोपऱ्यात दिला, पराठ्याला लावायला.