ॲडव्हान्स्ड कार्ड आणि अनुभव : ओपन वॉटरनंतर आधी काय?

स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं, कार्ड आलं की बहुतेक जण पुढच्या कोर्सबद्दल लगेच विचारतात, "आता ॲडव्हान्स्ड करून टाकू का? तेवढाच अनुभव येईल." ॲडव्हान्स्ड जरूर करा. पण त्यातून अनुभव येईल हा हिशेब कच्चा आहे.

पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटरमध्ये चार डाइव्ह होतात आणि १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. ॲडव्हान्स्डमध्ये आणखी पाच : डीप (खोल) आणि नेव्हिगेशन (दिशा शोधण्याची) सक्तीच्या, उरलेल्या तीन आपल्या पसंतीच्या. झालं, मर्यादा ३० मीटर. म्हणजे अंदमानातल्या हॅवलॉकच्या एकाच सुट्टीत दोन्ही कोर्स उरकणारा माणूस नऊ डाइव्हमध्ये 'ॲडव्हान्स्ड' होतो. एसएसआय या दुसऱ्या संस्थेकडे हेच नाव असलेलं कार्ड २४ डाइव्ह आणि चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे कोर्स) झाल्यावरच मिळतं. पॅडीच्या पाच डाइव्हच्या कोर्ससारखा त्यांचा कोर्स म्हणजे ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर. तेव्हा बडीचं, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचं, कार्ड बघून त्याच्याबद्दल अंदाज बांधू नका.

कोर्समध्ये इन्स्ट्रक्टर सांगतो, आपण करून दाखवतो. होकायंत्र धरून चौकोन पूर्ण केला की नेव्हिगेशन पास. कोर्सबाहेरच्या फन डाइव्हला परीक्षा नसते, आणि तिथेच सवयी लागतात. पाण्यात खाली जाण्यासाठी बांधायच्या वजनाचंच बघा. नवशिक्यांना कोर्समध्ये बऱ्याचदा जरा जास्तच शिसं बांधतात, कारण ते तळाशी स्थिर बसले तर शिकवणं सोपं जातं. पुढे तेच वजन वापरत राहिलात तर बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) सतत जास्त हवा भरावी लागते, ती खोली बदलली की फुगते-आकसते, आणि आपण डाइव्हभर वर-खाली होत राहतो. डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना, पृष्ठभागावर बीसीडी रिकामं करून नेहमीसारखा श्वास धरून पाहा : पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जायला हवं. नसेल तसं, तर पुढच्या डाइव्हला एखादा किलो कमी-जास्त. हे दोन-चार डाइव्हमध्ये जुळतं, पण त्यासाठी प्रत्येक वेळी किती वजन घेतलं, सूट कुठला होता, हवा किती उरली हे लॉगबुकात लिहिलेलं हवं. नुसते माशांचे फोटो नकोत.

हवेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. ११ लिटरचा सिलिंडर, २०० बार, त्यातले ५० राखीव. उरली १६५० लिटर हवा. खाली दाब वाढतो तशी प्रत्येक श्वासाला हवा जास्त लागते, म्हणून पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर वापरणारा माणूस १२ मीटरवर तेवढ्यात ३७ मिनिटं काढेल, ३० मीटरवर जेमतेम २०. घाबरून श्वास वाढला तर आणखी कमी. त्यातून ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते, म्हणजे हवा लवकर संपते तिथेच हवेचं गेज बघायचं भान सुटू शकतं. कार्ड ही खोली गाठायची परवानगी देतं, श्वास शांत ठेवायची सवय मात्र १०-१५ मीटरवरच लागते.

म्हणून माझं मत : आधी उथळ रीफवर सलग काही फन डाइव्ह करा, मग ॲडव्हान्स्ड. वजन जुळलेलं असेल तर त्या कोर्समधली डीप डाइव्ह खरंच काही शिकवते, नाहीतर ती नुसती पार पडते. अंदमानला डिक्सन्स पिनॅकलसारखी खोल जागा बघायचीच असेल तर कोर्स आधी करणं समजू शकतो. पण गाइडच्या मागे मान खाली घालून केलेल्या वीस डाइव्हही फार काही देत नाहीत. अधूनमधून त्याला सांगून परतीची वाट आपण दाखवावी, बडीशी हवेचं आधी ठरवून घ्यावं. मालवणला इन्स्ट्रक्टरने सिलिंडर धरून फिरवून आणलं होतं ती डाइव्ह मात्र मोजू नका, हं.

बुकिंग करताना 'ॲडव्हान्स्ड आहे' एवढंच सांगू नका. एकूण डाइव्ह किती, शेवटची कधी, सर्वांत खोल किती मीटर, हे तिन्ही सांगा. मोठा खंड पडला असेल तर पहिल्या दिवशी रिफ्रेशर मागून घ्या.